आपल्या भागात सीओपीडी किती आहे हे कसे मोजावे, आणि इतरांनी मोजलेला आकडा कसा वाचावा

२०१९ या एकाच वर्षी जगात सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्गात कायमचा अडथळा आणणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे, रुग्ण किती होते, या प्रश्नाची तीन उत्तरे शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेली आहेत: सुमारे ३९ कोटी १९ लाख, सुमारे २९ कोटी २० लाख आणि सुमारे २१ कोटी २३ लाख. पहिली दोन उत्तरे एकाच अभ्यासगटाची आहेत, ३० ते ७९ या एकाच वयोगटाची आहेत आणि त्यांमागची मूळ माहितीही एकच आहे. फक्त आजारी कोणाला म्हणायचे याची रेषा दोनदा वेगळ्या ठिकाणी ओढलेली आहे. त्या रेषेने जवळपास दहा कोटी माणसे आत आली किंवा बाहेर गेली. तिसरे उत्तर जागतिक रोगभार अभ्यासाचे असून त्याची पद्धतच निराळी आहे. तालुक्यातील सीओपीडीचे प्रमाण काढू पाहणारा वैद्यकीय अधिकारी, सर्वेक्षण हाती घेणारी संस्था, प्रबंध लिहिणारा विद्यार्थी किंवा बातमी करणारा पत्रकार, यांपैकी प्रत्येकाने कामाला हात घालण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे, कारण पुढच्या बहुतेक चुका येथूनच सुरू होतात.

व्याख्या आधी, प्रश्नावली नंतर

सीओपीडीमध्ये बारीक श्वासनलिका अरुंद होतात, फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती नष्ट होत जातात आणि आत घेतलेली हवा वेळेत बाहेर पडत नाही. हा अडथळा औषधाने पूर्णपणे दूर होत नाही, हे त्याचे वेगळेपण आहे. म्हणून मोजमापही त्याच गोष्टीचे करावे लागते. स्पायरोमीटरमध्ये जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, म्हणजे एफईव्ही-१, आणि एकूण किती पडली, म्हणजे एफव्हीसी, यांचे गुणोत्तर काढतात. श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यानंतरही हे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी असेल, तर अडथळा आहे असे धरावे, हा निकष २००१ पासून गोल्ड या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या अहवालांमुळे रूढ झाला.

हा निकष लक्षात ठेवायला सोपा आहे, पण त्याला एक खोट आहे. निरोगी माणसाचेही हे गुणोत्तर वयानुसार हळूहळू उतरते. त्यामुळे ०.७० ची एकच रेषा सर्वांना लावली की पंचाहत्तरीतील धडधाकट आजोबा रुग्णांच्या यादीत जातात आणि पंचेचाळिशीतील खरोखर आजारी बाई कधी कधी यादीबाहेर राहते. यावर उपाय म्हणून दुसरा निकष वापरतात: त्याच वयाच्या, उंचीच्या आणि लिंगाच्या निरोगी माणसांपैकी सर्वांत खालच्या पाच टक्क्यांत मोडणारे गुणोत्तर असेल, तरच अडथळा मानायचा. वर दिलेल्या दोन जागतिक आकड्यांपैकी ३९ कोटींचा आकडा पहिल्या निकषाने निघाला आहे आणि २९ कोटींचा दुसऱ्या निकषाने. टक्केवारीत हेच अनुक्रमे १०.३ आणि ७.६ होतात. कोणता निकष श्रेष्ठ, यावर तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही आणि सर्वेक्षण करणाऱ्याने तो मिटवण्याच्या भानगडीत पडू नये. एकाच माहितीवर दोन्ही निकष लावून दोन्ही टक्केवाऱ्या छापाव्यात. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही आणि आपला आकडा दुसऱ्या कोणत्याही अभ्यासाशेजारी ठेवता येतो.

तीव्रतेची पायरीही स्पष्ट लिहावी; एफईव्ही-१ अपेक्षेपेक्षा किती कमी आहे, यावरून ती ठरते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या बोल्ड या बहुराष्ट्रीय अभ्यासात बारा शहरांतील चाळिशीपुढच्या ९,४२५ लोकांची तपासणी झाली आणि १०.१ टक्के हा आकडा गाजला. परंतु तो दुसऱ्या पायरीच्या व त्यापुढच्या रुग्णांचा आहे, सौम्य रुग्ण त्यात धरलेले नाहीत. त्याउलट लॅटिन अमेरिकेतील पाच शहरांच्या प्लॅटिनो अभ्यासातील आकडे, मेक्सिको सिटीत ७.८ टक्के आणि मॉन्टेव्हिडिओत १९.७ टक्के, हे सर्व पायऱ्या मिळून आहेत. ही दोन प्रकारची संख्या एकाच तक्त्यात शेजारी शेजारी ठेवलेली अनेक सादरीकरणांत दिसते. अशा तक्त्यावरून निष्कर्ष काढू नये.

केवळ प्रश्न विचारून प्रमाण काढता येईल का? काही प्रमाणात येते, पण ते दुसऱ्याच गोष्टीचे असते. भारतात सुमारे एक लाख ६९ हजार लोकांना प्रश्न विचारून केलेल्या इनसर्च या मोठ्या सर्वेक्षणात ३५ वर्षांपुढील व्यक्तींमध्ये जुनाट ब्राँकायटिसचे प्रमाण ३.४९ टक्के आले. लागोपाठ दोन वर्षे, वर्षातून किमान तीन महिने बेडक्यासह खोकला, अशी त्याची कसोटी असते. दुसरीकडे, श्रीनगर परिसरात बोल्डच्या पद्धतीने चाळिशीपुढच्या लोकांना फुंकायला लावले, तेव्हा सीओपीडीचे प्रमाण पुरुषांत १७.३ आणि स्त्रियांत १४.८ टक्के निघाले. काश्मीरमध्ये हुक्का आहे, थंडीत बंद घरातला धूर आहे, हे खरे. पण या दोन आकड्यांतील अंतराचा मोठा भाग मोजण्याच्या साधनामुळे आहे, हे विसरता कामा नये. अनेकांना अडथळा असतो पण बेडका पडत नाही, आणि अनेकांना बेडका पडतो पण अडथळा नसतो. ‘तुम्हाला सीओपीडी आहे का’ हा प्रश्न तर विचारूच नये. चीनमध्ये २०१२ ते २०१५ या काळात झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात ज्यांना हा आजार निघाला, त्यांच्यापैकी केवळ २.६ टक्क्यांना तो आपल्याला आहे हे माहीत होते.

कोणाला मोजायचे

वयाची खालची मर्यादा ४० वर्षे ठेवावी, कारण बहुतेक तुलनीय अभ्यास याच वयापासून सुरू होतात. वयाची मर्यादा बदलली की आकडा किती बदलतो, हे त्याच चिनी अभ्यासात दिसते: वीस वर्षांपुढच्या सर्वांत ८.६ टक्के, आणि त्याच अभ्यासातील चाळिशीपुढच्यांत १३.७ टक्के. भारतासाठी २०१६ चा ४.२ टक्के हा जो आकडा सांगितला जातो, तो सर्व वयांचा मिळून आहे, शिवाय तो प्रत्यक्ष मोजणीतून न येता उपलब्ध अभ्यासांवरून गणिती पद्धतीने काढलेला अंदाज आहे. तो श्रीनगरच्या आकड्याशेजारी ठेवून ‘काश्मीरमध्ये चौपट आजार’ असे लिहिणे म्हणजे शुद्ध दिशाभूल होय.

नमुना शिबिरातून घेऊ नये, ही सूचना कितीही वेळा सांगितली तरी कमीच पडते. मोफत तपासणीची दवंडी पिटली की ज्यांना धाप लागते ते आधी येतात, ज्यांना काही होत नाही ते शेतावर जातात आणि ज्यांना अंथरुणातून उठवत नाही ते घरीच राहतात. अशा शिबिरातून मिळालेले प्रमाण गावाचे नसते, त्या दिवशीच्या रांगेचे असते. त्याऐवजी घरोघरची यादी तयार करून तीतून यदृच्छ निवड करावी. आशा सेविकांकडील कुटुंबनोंदी हा चांगला आधार आहे. पुणे जिल्ह्यात वढू परिसरातील २२ गावांत केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून लोकसंख्येची सलग नोंद ठेवत आले आहे. अशी तयार यादी मिळाली तर काम निम्म्याने हलके होते, पण ती सर्वत्र नसते. मतदार यादी सोयीची असली तरी तीत कामासाठी बाहेरून आलेली माणसे सुटतात.

वेळही विचारपूर्वक निवडावी. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक गावांत गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबे बाहेर पडतात, आणि मागे राहतात ती प्रामुख्याने म्हातारी माणसे. डिसेंबरात केलेले सर्वेक्षण मग नकळत वृद्धांचे सर्वेक्षण होते. निवडलेली व्यक्ती घरी नसेल तर शेजारच्या घरातील व्यक्ती घेऊन आकडा भरू नये. वेगवेगळ्या वेळी पुन्हा जावे आणि तरीही न भेटल्यास ‘भेटली नाही’ अशी नोंद करावी.

नमुन्याचा आकार काढण्याचे गणित अवघड नाही. समजा, प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास असेल असा अंदाज आहे आणि आपल्याला दोन टक्के इकडे किंवा तिकडे एवढी चूक चालणार आहे. तर १.९६ चा वर्ग, गुणिले ०.०७, गुणिले ०.९३, भागिले ०.०२ चा वर्ग, असे केल्यास ६२५ येतात. गावे निवडून त्यांतील माणसे घेतली तर एकाच गावातील माणसे परस्परांसारखी असतात, म्हणून ही संख्या साधारण दीडपट, म्हणजे ९३८ करावी. चारांपैकी एकाची तपासणी बाद होईल असे धरले तर १,२५० जणांची निवड करावी लागते. बोल्ड अभ्यासात प्रत्येक ठिकाणी किमान ३०० पुरुष आणि ३०० स्त्रिया असे लक्ष्य होते. स्त्रियांची संख्या पुरुषांइतकीच ठेवावी, कारण आपल्याकडे धुराचा मोठा वाटा त्यांच्याच नशिबी आलेला आहे.

फुंकण्याची तपासणी

सर्वेक्षणाची अब्रू याच टप्प्यावर राहते किंवा जाते. यंत्र रोज सकाळी तीन लिटरच्या प्रमाणित सिरिंजने तपासावे आणि फरक तीन टक्क्यांच्या आत असेल तरच काम सुरू करावे. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेल्या, डोळ्याची, छातीची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या अथवा थुंकीतून रक्त पडणाऱ्या व्यक्तीला फुंकायला लावू नये. सध्या क्षयरोगाचे उपचार सुरू आहेत का हे विचारावे, आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी करून घ्यावी. फुंकताना उडणारे तुषार खोलीतल्या सर्वांपर्यंत पोहोचतात. प्रत्येकासाठी नवे मुखनळ व फिल्टर वापरावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. अर्थात, या सगळ्याआधी संस्थात्मक नैतिकता समितीची मान्यता आणि प्रत्येकाची मराठीत समजावून घेतलेली लेखी संमती हवी.

प्रत्यक्ष तपासणी अशी असते. बाईंना पाठीला टेकण असलेल्या खुर्चीत ताठ बसवतात, नाकाला चिमटा लावतात आणि नळी दातांत धरून ओठ घट्ट मिटायला सांगतात. खोल श्वास घ्या म्हटल्यावर त्या घेतात. ‘आता जोरात फुंका’ म्हटल्यावर पदर तोंडाकडे जातो, दारात उभ्या असलेल्या दिरांकडे नजर जाते, आणि फुंकर निघते ती दिवा मालवण्यापुरती. येथे तंत्रज्ञाने संकोच सोडून ओरडावे लागते: ‘फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका, पोटातली सगळी हवा बाहेर!’ पडद्यावरची रेषा आडवी होईपर्यंत हे चालू ठेवायचे. स्त्रियांसाठी शक्यतो स्त्री तंत्रज्ञ आणि बंद दाराची खोली असावी. एवढ्या एका व्यवस्थेने बाद होणाऱ्या तपासण्या लक्षणीय कमी होतात.

हा आग्रह केवळ शिस्तीचा नाही. फुंकर अर्ध्यातच थांबली की एकूण हवेचे माप, म्हणजे एफव्हीसी, खरे आहे त्यापेक्षा कमी येते. छेद लहान झाल्यामुळे गुणोत्तर वाढते आणि खरा रुग्ण निरोगी ठरतो. म्हणजे ढिसाळ तपासणीने आजार गायब होतो. म्हणून किमान तीन स्वीकारार्ह फुंकरी घ्याव्यात, त्यांतील सर्वोत्तम दोहोंत १५० मिलिलिटरपेक्षा अधिक फरक नसावा, आणि आठ प्रयत्नांनंतरही जमले नाही तर थांबावे. त्यानंतर स्पेसरमधून, म्हणजे इनहेलरला जोडायच्या पोकळ नळीतून, साल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंद करणाऱ्या औषधाचे १०० मायक्रोग्रॅमचे चार झोत द्यावेत, १५ मिनिटे थांबावे आणि पुन्हा तीच प्रक्रिया करावी. ही दुसरी फेरी वेळखाऊ असल्याने अनेक ठिकाणी ती गाळतात, आणि मग दम्याचे रुग्ण सीओपीडीत मोजले जातात. औषधापूर्वीचाच आकडा हाती असेल तर त्याला सीओपीडीचे प्रमाण म्हणू नये.

प्रत्येक आलेख क्षेत्रावर नसलेल्या दुसऱ्या जाणकार व्यक्तीने तपासावा आणि किती तपासण्या बाद झाल्या ते अहवालात सांगावे. बाद होणाऱ्यांत वृद्ध आणि अशक्त माणसे अधिक असतात, त्यामुळे ही संख्या मोठी असेल तर आपला आकडा खऱ्यापेक्षा कमी असण्याची शक्यता धरावी.

धुराचे प्रश्न

श्रीमंत देशांत सीओपीडीच्या ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांमागे धूम्रपान असते, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हा वाटा ३० ते ४० टक्के आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतातील २०१६ च्या अंदाजानुसार सीओपीडीमुळे गमावलेल्या आयुष्यापैकी ५३.७ टक्के वाटा घरातील व बाहेरील हवेच्या प्रदूषणाचा, २५.४ टक्के तंबाखूचा आणि १६.५ टक्के कामाच्या ठिकाणच्या धुळीचा व धुराचा होता. तेव्हा विडी-सिगारेटपाशी थांबणारी प्रश्नावली आपल्याकडे अपुरी पडते.

‘घरी गॅस आहे का’ या प्रश्नाला आज बहुतेक घरांत होकार मिळतो आणि तो फसवा असतो. अंघोळीचे पाणी कशावर तापते, भाकरी कशावर भाजतात, सिलिंडर संपल्यावर काय करतात, हे विचारावे. परसातील चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या किंवा गोवऱ्या जळत असल्याचे मग समोर येते. रोज किती तास आणि किती वर्षे चुलीपुढे बसणे झाले, यांचा गुणाकार करून ठेवावा. मिसरी लावणाऱ्या बाई ती स्वतः भाजतात का, हेही विचारावे, कारण भाजताना तंबाखूचा धूर निघतो. व्यवसायात शेवटचा नव्हे, तर सर्वांत जास्त काळ केलेला लिहावा: यंत्रमाग, स्टोन क्रशर, वीटभट्टी, गुऱ्हाळ. पूर्वी झालेला क्षयरोग न चुकता विचारावा, कारण तो बरा झाल्यावरही श्वासमार्गात कायमचा अडथळा राहू शकतो.

तुलना करताना

समजा, दोन गावांत चाळीस ते एकोणसाठ या वयात ४ टक्के आणि साठीपुढे १६ टक्के, असे अगदी सारखे प्रमाण आहे. पहिले गाव शहरालगतचे, तेथे चाळिशीपुढच्या लोकांपैकी ८० टक्के पहिल्या गटात आहेत. त्याचे एकूण प्रमाण ६.४ टक्के येते. दुसरे कोकणातले, कर्ती माणसे मुंबईला गेलेली, दोन्ही गट निम्मे निम्मे; त्याचे प्रमाण १० टक्के येते. आजार दोन्हीकडे तितकाच असून दुसरे गाव दीडपटीहून अधिक आजारी दिसते. म्हणून प्रत्येक वयोगटाचे प्रमाण स्वतंत्र द्यावे आणि तुलनेसाठी दोन्ही गावांना एकच प्रमाणित वयरचना लावून आकडा पुन्हा काढावा.

काळाच्या तुलनेतही हीच सावधगिरी हवी. भारतातील रुग्णसंख्या १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होती, ती २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख झाली असा अंदाज आहे. संख्या दुप्पट झाली, पण प्रमाण ३.३ वरून ४.२ टक्क्यांवर गेले. उरलेली वाढ लोकसंख्येची आहे. चीनमध्ये चाळिशीपुढच्यांचे प्रमाण २००२ ते २००४ या काळातील अभ्यासात ८.२ टक्के होते आणि दशकभराने १३.७ आले; तथापि पहिल्या अभ्यासात सात प्रांत-शहरे होती, दुसऱ्यात दहा प्रांत, त्यामुळे सगळा फरक आजाराच्या वाढीचा मानता येत नाही.

तीव्रतेच्या पायऱ्या ठरवताना अपेक्षित एफईव्ही-१ काढावा लागतो आणि तेथे संदर्भसमीकरण, म्हणजे त्याच वयाच्या, उंचीच्या आणि लिंगाच्या निरोगी माणसाचे माप सांगणारे सूत्र, निर्णायक ठरते. युरोपीय किंवा अमेरिकी लोकांवरून बांधलेले समीकरण भारतीयांना लावले की फुप्फुसे लहान दिसतात आणि अधिक लोक पुढच्या पायरीवर ढकलले जातात. हे लहानपण वंशाचे किती आणि बालपणीच्या कुपोषणाचे, धुराचे किती, हा प्रश्न गंभीर आहे. बोल्डच्या पुढील विश्लेषणात गरीब देशांतील सीओपीडीच्या मृत्युदराचा संबंध श्वासमार्गाच्या अडथळ्यापेक्षा गरिबीशी आणि कमी एफव्हीसीशी अधिक दिसला. म्हणजे मृत्यूंच्या आकड्यांवरून एखाद्या प्रदेशातील सीओपीडीचे प्रमाण ताडणे धोक्याचे आहे. कोणते समीकरण वापरले, त्याचे नाव आणि वर्ष तक्त्याखाली लिहावे, आणि ज्यांचे गुणोत्तर ठीक पण एफव्हीसी कमी, अशांची संख्या वेगळ्या ओळीत द्यावी. ही माणसे सीओपीडीच्या आकड्यात येत नाहीत, पण निरोगीही नसतात.

सर्वेक्षणात ज्यांना अडथळा आढळला, त्या प्रत्येकाच्या हाती तपासणीचा कागद द्यावा आणि संमती असलेल्यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे सोपवावी. एका तपासणीवर कोणालाही आयुष्यभराचा शिक्का मारू नये. ज्यांचे गुणोत्तर ०.६० ते ०.८० च्या दरम्यान आहे, त्यांची तपासणी दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे पुन्हा घ्यावी, असे गोल्डही सुचवते, आणि तोपर्यंत त्यांच्या कागदावर ‘पुन्हा तपासणी आवश्यक’ एवढेच लिहावे.